‘पाय मोडण्या’साठी दोन कोड! प्राचीन ब्राह्मी लिपी संगणकावर कशी लिहितात?

‘भक्ती’ हा शब्द युनिकोडमध्ये साठवताना क आणि त यांच्यामध्ये एक चिन्ह असते. ते स्क्रीनवर दिसत नाही, पण त्याच्यामुळेच ‘क्त’ तयार होतो. ‘वाक्’ या शब्दाच्या शेवटी मात्र तेच चिन्ह दिसते. शाळेत आपण याला ‘पाय मोडणे’ म्हणतो. युनिकोडमध्ये त्याचे नाव आहे ‘विराम’.

म्हणजे या चिन्हाची कामे दोन: व्यंजनातला ‘अ’ काढणे आणि ते पुढच्या व्यंजनाला जोडणे. देवनागरीचे काम एका कोडवर भागते. देवनागरीची पूर्वज असलेल्या ब्राह्मीत मात्र ते भागले नाही.

अडचण काय होती?

गुजरातमधल्या गिरनारच्या अशोककालीन शिलालेखात ‘प्रि’सारखी जोडाक्षरे आहेत. तिथे अक्षरे एकमेकांना जोडली की झाले, पाय मोडायचे वेगळे चिन्ह लागत नाही. दक्षिणेत तमिळ भाषेसाठी वापरलेल्या ब्राह्मीची पद्धत वेगळी होती. तिथे काही लेखांत व्यंजनावर ठिपका देऊन ‘अ’ काढला जाई आणि पुढचे अक्षर शेजारी सुटे लिहिले जाई. या ठिपक्याला तमिळमध्ये ‘पुळ्ळी’ म्हणतात.

युनिकोडने काय केले?

२०१० मध्ये ६.० आवृत्तीत ब्राह्मी लिपी आली. तिच्यातला विराम (कोड ११०४६) पुढे व्यंजन आले की जोडाक्षर करतो. तमिळ लेखासाठी तोच वापरला, तर दगडावर सुटी असलेली अक्षरे स्क्रीनवर जोडली जाण्याची शक्यता असते. २०२१ मध्ये १४.० आवृत्तीत जुन्या तमिळसाठी स्वतंत्र विराम (कोड ११०७०) आला. तो फक्त ‘अ’ काढतो, जोडत नाही.

याने फरक काय पडतो?

संगणक अक्षराचा आकार नाही, कोड शोधतो. एकच शब्द दोघांनी वेगवेगळ्या कोडने लिहिला, तर साध्या शोधात त्यातला एक सापडणार नाही.

दुसरा मुद्दा अचूकतेचा. सुरुवातीच्या अनेक तमिळ-ब्राह्मी लेखांत ठिपकाच नाही. तिथे ‘क’ वाचायचा की ‘क्’, हे संदर्भावरून ठरते. अशा लेखाची नक्कल करताना ठिपका घातला, तर तो अभ्यासकाचा अर्थ झाला, दगडावरचा मजकूर नाही. ठिपक्याला स्वतःचा कोड असल्यामुळे हा फरक नोंदीत नेमका ठेवता येतो.