ॲक्सलवरची खाच

"नवीन सील टाकलं तरी चाकातून तेल येतेच, भाऊ." पांढरकवड्याच्या लेथवर ही तक्रार मी उमेदवारीपासून ऐकत आलो आहे. उत्तर उस्तादांनी शिकवलेलंच देतो. ॲक्सल पुसायचा, तेल अडवणारं सील बसतं त्या जागी आडवं नख फिरवायचं. नख अडकलं तर खाच पडली आहे. मग कितीही सीलं बदला, तेल गळणारच.

रबरासारख्या मऊ वस्तूने पोलाद कापलं जातं, हे लोकांना पटत नाही. कापते ती धूळ. आमच्या रस्त्यावर तिची कमी नाही: काळी माती, कापसाची कसपटं, वणीकडचा कोळसा. ती ॲक्सलला टेकणाऱ्या सीलच्या ओठात रुतून बसते आणि चाक फिरेल तशी पोलाद घासत राहते.

आमच्या गावाला रेल्वे नाही. होता तो नागपूर-हैदराबाद रस्ता, तेव्हाचा सात नंबर, आताचा ४४. कापसाच्या गाठी, कोळसा, माणसं, सगळं चाकांवर. १९५४मध्ये जमशेदपूरला टाटांच्या टेल्कोचे मर्सिडीज-बेंझ ट्रक बनू लागले आणि पुढे अशा गाड्या रस्त्यावर वाढल्या, तशी लेथवाल्यांची गरजही वाढली. नव्या ॲक्सलसाठी नागपूर गाठावं लागे आणि गाडी तोवर उभी. म्हणून जुनाच दुरुस्त होई.

सीलं आधी चामड्याची होती. स्प्रिंगवालं फिरत्या शाफ्टचं सील १९२९मध्ये जर्मनीत वाइनहाइमच्या फ्रॉइडेनबर्ग या चामडं कमावणाऱ्या कारखान्यात वॉल्टर सिमरने घडवलं. कृत्रिम रबराचं सील १९३६पासूनचं. चामडं तेलात भिजवून बसवत, आणि ते खडबडीत ॲक्सलही सांभाळून घेई. रबराला आरशासारखी जागा हवी. त्यामुळे टर्नरचं काम बारीक झालं, आणि माझ्या मते इथूनच ते खरं कसबाचं ठरलं.

खाच पडलेल्या ॲक्सलवर पहिला उपाय वेल्डिंगचा: खाच भरायची, लेथवर उतरवायची. स्वस्त, पण मला तो कधीच मानवला नाही. उष्णतेने ॲक्सल वाकतो, कडकपणा जातो, बारीक तडे पडू शकतात. ज्या गाड्यांत बेअरिंग ॲक्सलवरच दाबून बसवलेलं असतं, तिथे ॲक्सल तुटला की चाकासकट बाहेर येतो. गाडीत बाजाराला निघालेली माणसं असतात. तिथे वेल्डिंग करू नये. झुरिकच्या शूपने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वितळलेला धातू फवारायची रीत काढली. तिच्यात ॲक्सल फारसा तापत नाही, पण ते यंत्र छोट्या गावाच्या आवाक्यातलं नव्हतं. आम्ही बुश, म्हणजे धातूचं कडं, बसवायचो: जागा थोडी उतरवायची, बुश तापवून चढवायचा, थंड झाल्यावर मूळ मापावर आणायचा. उतरवताना पायरीचा कोपरा धारदार ठेवायचा नाही, तडा तिथूनच सुरू होतो. आता सुमारे ०.२८ मिलिमीटर जाडीची तयार स्टीलची स्लीव्ह मिळते. ती इतकी पातळ की ॲक्सल उतरवावा लागत नाही आणि सीलही त्याच मापाचं चालतं.

शेवटचा हात पॉलिश पेपरचा, आणि बरीच कामं इथेच बिघडतात. पेपर पुढे-मागे सरकवला की ॲक्सलवर स्क्रूच्या आट्यांसारख्या बारीक रेषा उमटतात. डावं आणि उजवं चाक आपापल्या बाजूने पाहिलं तर उलट दिशांनी फिरतात, म्हणून त्याच रेषा एका बाजूला तेल आत ओढतात, दुसऱ्या बाजूला बाहेर ढकलतात. दोन्ही ॲक्सल एकाच हातचे, तरी एकच गळतो, त्याचं कारण बहुतेकदा हेच. पेपर एकाच जागी धरायचा.

तेल ब्रेक लायनिंगवर उतरलं की गाडी एका बाजूला ओढते. लायनिंगने तेल पिऊन घेतलं असेल तर ती धुऊन वापरू नये, बदलावी.

आणि ॲक्सल खोलण्याआधी हाउसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारं तोंड, पाहावा. पावसाळ्यात काळ्या मातीने त्याचं भोक बुजतं, आत दाब वाढतो आणि धडधाकट सीलमधूनही गिअर ऑइल बाहेर येतं. ते भोक तारेने मोकळं करायला लेथ लागत नाही. असं गिऱ्हाईक मी पैसे न घेता परत पाठवतो.