पेरते व्हा की ब्रेन फीव्हर? कळसूबाईचे पक्षी आणि त्यांची नावं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे इअरफोन नेमके आज घरी राहिलेत, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित अवतार. बोलले तसंच ठेवलंय, फक्त मधले 'अं...' गाळलेत.

आजचा भाग डोंगराचा आहे, पक्ष्यांचा आहे, आणि थोडा माझ्या आजीचा आहे.

आल्प्सची पाकोळी, अकोल्यात

कळसूबाई माहीत नाही असा ट्रेकर महाराष्ट्रात सापडणार नाही. उंची १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. तालुका अकोले (विदर्भातलं अकोला नव्हे!), जिल्हा अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. आणि इतकं उंच असूनही चढायला तसं सोपं. बारी गावातून निघायचं, अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत, तीनेक तासांत माथ्यावर. आज्या चढतात, पोरं चढतात, नवरात्रात तर देवीच्या दर्शनाला रीघ लागते.

मी पहिल्यांदा गेले ती पावसाळ्यातल्या एका रविवारी. आम्ही सात जण, एक ब्लूटूथ स्पीकर. खोटं कशाला बोलू, स्पीकर माझाच होता. त्या दिवशी मी एकही पक्षी पाहिला नाही. ऐकला तर नाहीच नाही.

दुसऱ्यांदा गेले ती मंगळवारी, एकटी, स्पीकर घरी ठेवून. माथ्यावर देवीच्या छोट्या देवळापाशी बसले होते, तर डोक्यावरून सूंऽऽ करत काहीतरी गेलं. विळ्यासारखे लांब पंख, पांढरं पोट, छातीवर तपकिरी पट्टा. शेजारी दुर्बीण घेतलेला एक मुलगा होता. तो म्हणाला, "अल्पाइन स्विफ्ट."

मी म्हटलं, "अल्पाइन? म्हणजे आल्प्सवालं?"

"हो, तेच."

आता गंमत बघा. हा पक्षी युरोपात आहे, आफ्रिकेत आहे, आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवरही आहे. पण नाव मिळालं ते एकाच डोंगररांगेचं. कारण शास्त्रीय नावं द्यायला सुरुवात झाली ती तिकडे. लिनियसनं १७५८ मध्येच या पाकोळीची नोंद करून टाकली होती. पाखरू मात्र असं की त्याला कुठल्याच डोंगराशी बांधून ठेवता येणार नाही. २०१३ मध्ये स्विस संशोधकांनी काही अल्पाइन पाकोळ्यांच्या पाठीवर बसवलेल्या चिमुकल्या यंत्रांची माहिती छापली. त्यात दिसलं की हे पक्षी २०० दिवस हवेतच होते. सहा महिन्यांहून जास्त! खाणं हवेत, झोपही बहुधा हवेतच.

घरी येताना एकच प्रश्न डोक्यात होता. आपल्या डोंगरावरच्या पक्ष्यांना नावं दिली कुणी?

साइक्ससाहेबाची वही

यासाठी आपल्याला कळसूबाईवरून थोडं दक्षिणेला, त्याच अकोले तालुक्यातल्या हरिश्चंद्रगडावर जावं लागेल. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड, दोन्ही आज एकाच अभयारण्याची दोन टोकं आहेत. १९८६ साली झालेलं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य ते हेच.

गोष्ट आहे १८२० च्या दशकातली. पेशवाई नुकतीच संपलेली. कंपनी सरकारला आता जाणून घ्यायचं होतं की आपल्या हाताला नेमकं लागलंय काय. १८२४ मध्ये मुंबई सरकारनं विल्यम हेन्री साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची मोजदाद करायला नेमलं. पुणे, नगर, खानदेश, धारवाड हा त्याचा मुलूख. माणसं किती, पिकं कुठली, पाऊस किती, हवेचा दाब किती, सगळं मोजायचं. हा गडी मोजता मोजता मासेही मोजायला लागला आणि पक्षीही.

ट्रेकर मंडळींना साइक्स वेगळ्याच कारणासाठी माहीत असतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून त्याला इंद्रवज्र दिसलं होतं. पाठीमागे सूर्य, समोर दरीतून वर आलेलं धुकं, धुक्यावर आपली सावली, आणि सावलीच्या डोक्याभोवती पूर्ण गोल इंद्रधनुष्य. हे १८३५ मध्ये दिसलं असं इंटरनेटवर पन्नास ठिकाणी वाचाल. इथे जरा थांबा. साइक्स १८३१ मध्येच इंग्लंडला परत गेला होता. १८३५ हे वर्ष आहे दख्खनच्या हवामानावरचा त्याचा निबंध लंडनमध्ये छापला गेला त्याचं. पाहिलं आधी, छापलं नंतर. तेव्हा फॉरवर्ड करताना जरा जपून!

तर हाच साइक्स १८३२ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे दख्खनच्या पक्ष्यांची यादी मांडतो. दोनशेहून जास्त पक्षी. त्यातल्या काहींचं वर्णन विज्ञानात पहिल्यांदाच होत होतं, म्हणजे नाव ठेवायचा मान त्याचा.

आणि त्यानं नावं काय ठेवली? घाटातल्या दाट झाडीत राहणाऱ्या एका रानकबुतराला नाव दिलं 'एल्फिन्स्टोनी'. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, मुंबईचा गव्हर्नर. शेताच्या बांधावर दहा-दहाच्या टोळीनं कलकलाट करत फिरणारा मोठा करडा सातभाई, त्याला नाव दिलं 'माल्कमी'. जॉन माल्कम, पुढचा गव्हर्नर. तळ्याकाठी स्वतःला दगड समजून उभा राहणारा वंचक, ज्याला कुणी ढोकरी म्हणतं, तो झाला 'ग्रेयी'. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या जॉन एडवर्ड ग्रे यांच्यावरून.

साइक्सवर अन्याय नको. माळावरच्या एका छोट्या चंडोलाला त्यानं 'देवा' असं नाव दिलं. काही पक्ष्यांपुढे 'मराठे याला अमुक म्हणतात' अशा नोंदीही त्यानं ठेवल्या. म्हणजे कुणीतरी त्याच्याबरोबर चालत होतं, बोट दाखवत होतं, "साहेब, ते बघा" म्हणत होतं. त्या माणसाचं नाव मात्र कुठल्याच पाखराला मिळालं नाही.

इंद्रवज्राची एक खासियत आहे. कड्यावर चार जण उभे असले तरी प्रत्येकाला ते गोल धनुष्य आपल्याच डोक्याभोवती दिसतं. नावं ठेवण्याचंही थोडं तसंच.

नगरचा पाद्री, पळणीचं पाखरू

साइक्सनंतर काही वर्षांनी नगर जिल्ह्यात आणखी एक पक्षीवेडा आला. सॅम्युअल बेकन फेअरबँक, अमेरिकन मराठी मिशनचा पाद्री. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याला त्यानं कित्येक वर्षं काढली. शंखशिंपले आणि पक्षी गोळा करायचा नाद. १८७६ मध्ये त्यानं खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि नगर परिसरातल्या पक्ष्यांची यादी छापली, ती 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात. ते कोण चालवायचं माहितीये? ए. ओ. ह्यूम. हो, तोच, पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढे असलेला!

फेअरबँकचं नाव एका पक्ष्याला मिळालं. तमिळनाडूत कोडाईकनालजवळच्या पळणी डोंगरांवर उंचावरच्या झाडीत राहणारं एक गाणारं पाखरू, 'फेअरबँकी'. १८६९ मध्ये ब्लॅनफर्ड या शास्त्रज्ञानं ते ठेवलं. म्हणजे नगरच्या उन्हात राबणाऱ्या अमेरिकन माणसाचं नाव आज दक्षिणेतल्या थंड डोंगरावर गातंय. मला हे वाचून छानच वाटलं. त्या माणसानं खरंच कष्ट केले होते. पण वाटलं, आपल्या लोकांची नावं कुठे गेली?

एकच आवाज, दोन कान

आता एक आवाज आठवा. मे महिना सरत आलाय, आभाळ भरून येतंय, आणि एक पक्षी तीन-तीन सुरांत ओरडतोय, दर वेळी आधीपेक्षा वरच्या पट्टीत. थांबतच नाही.

इंग्रजांनी हा आवाज ऐकला आणि त्यांना ऐकू आलं, "ब्रेन फीव्हर! ब्रेन फीव्हर!" उकाड्यानं आधीच डोकं तापलेलं, त्यात हा पक्षी. त्याचं नावच पडलं ब्रेन फीव्हर बर्ड. हिंदीत कुणाला ऐकू आलं, "पी कहाँ?" आणि आपल्या शेतकऱ्याला काय ऐकू आलं?

"पेरते व्हा! पेरते व्हा!"

तोच हा पावशा. आवाज एकच. एकाला त्यात ताप ऐकू आला, दुसऱ्याला विरह, तिसऱ्याला कामाची हाक. ज्याचं बियाणं घरात तयार आहे आणि डोळे आभाळाकडे लागलेत, त्यालाच ते 'पेरते व्हा' असं ऐकू येणार.

जाता जाता आणखी एक. पावशा कोकिळेच्या कुळातला. घरटं बांधत नाही, सातभाईंच्या घरट्यात अंडं घालतो, त्या करड्या सातभाईंच्या सुद्धा. म्हणजे माल्कमसाहेबाच्या घरात 'पेरते व्हा'चं पिल्लू फुकट वाढतं. इतिहास कधीकधी असा हसवतो.

आजीचा शब्द

आता माझ्या आजीकडे येते. ती अकोले तालुक्यातली. राजूरच्या बाजारची गोष्ट सांगायला लागली की तासभर थांबायची नाही. शाळेत फारशी गेली नव्हती. मी लहानपणी सुट्टीत जायचे तेव्हा पहाटे ओढ्याकडून एक शीळ यायची. माणसानं सहज, रमत गमत घालावी तशी. कुठलंही गाणं पूर्ण न करणारी.

मी घाबरून विचारायचे, "आजी, कोण आहे तिकडं?"

ती म्हणायची, "अगं, माणूस नाही ते. पाखरू हाय." आणि त्या पाखराचं नाव सांगायची.

त्या मंगळवारी कळसूबाई उतरताना, ओढ्यापाशी तीच शीळ आली. मी फोन काढला, अ‍ॅप सुरू केलं. पाच सेकंदांत उत्तर, मलबार व्हिसलिंग थ्रश. मराठी पुस्तकांत शीळकरी कस्तूर. गडद निळा, खांद्यावर चमकदार निळा ठिपका. इंग्रजीत लाडाचं नाव 'शीळ घालणारा शाळकरी पोरगा'. शास्त्रीय नावात 'हॉर्सफील्डी', म्हणजे थॉमस हॉर्सफील्ड. जावा बेटात वर्षानुवर्षं काम केलेला आणि नंतर लंडनमध्ये कंपनीचं संग्रहालय सांभाळणारा माणूस.

सगळी नावं पाच मिनिटांत मिळाली. आजीचं नाव आठवेना.

आईला फोन केला, तिला आठवेना. मामाला केला, तो म्हणाला, "होतं बुवा काहीतरी, पण आता...?" आजीला जाऊन दोन वर्षं झाली होती. माझ्या फोनमध्ये तिचे किती फोटो आहेत सांगू? तीनशेच्या वर. व्हिडिओ आहेत, भाकरी थापतानाचे, माझ्या लग्नातले. पण ते पाखराचं नाव सांगतानाचा एकही नाही. मी कधी विचारलंच नाही, कारण ते जाईल असं वाटलंच नव्हतं.

साइक्सला मी मघाशी जरा टोमणे मारले. पण निदान तो वही घेऊन हिंडत होता. माझ्याकडे तर वहीपेक्षा भारी यंत्र होतं, चोवीस तास हातात.

एका पोरीच्या नावाचा डोंगर

नावं टिकतच नाहीत असं मात्र नाही. कळसूबाई हे नाव कुणाचं आहे? दंतकथा सांगते, कळसू नावाची कोळ्यांची मुलगी होती. रानात भटकायची आवड. पायथ्याच्या इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली, पण अट घालून. अमुक काम करीन, तमुक करणार नाही. एके दिवशी घरच्यांनी ठरल्यापेक्षा वेगळं काम सांगितलं. ती निघाली, डोंगरावर गेली, पुन्हा खाली आली नाही.

राज्यातल्या सगळ्यात उंच डोंगराला ना गव्हर्नरचं नाव, ना राजाचं. घरकाम करणाऱ्या, शब्दाला पक्क्या असलेल्या एका पोरीचं नाव. कुठल्या सोसायटीनं ते छापलं म्हणून टिकलं नाही. पायथ्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या ते एकमेकांना सांगत राहिली म्हणून टिकलं. सांगणं थांबलं की संपलं.

म्हणूनच मारुती चितमपल्लींचं काम मला मोठं वाटतं. वनखात्यात नोकरी करत जंगलात राहणाऱ्या माणसांकडून ते शब्द शिकत राहिले आणि 'पक्षिकोश' उभा केला. २०२५ मध्ये ते गेले. एका माणसानं आयुष्यभर केलं तेवढं झालं. बाकीचं आपल्याकडे आहे.

तर, करायचं काय?

तीनच गोष्टी. एक, डोंगरावर जाल तेव्हा स्पीकर घरी. आणि मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावू नका, विशेषतः विणीच्या काळात. त्याला वाटतं दुसरा पक्षी आपल्या हद्दीत घुसलाय, आणि तो बिचारा घरटं सोडून भांडायला येतो.

दोन, अ‍ॅप वापरा, जरूर वापरा, मीही वापरते. पण त्यानं नाव सांगितलं की तिथल्या माणसाला विचारा, "याला तुम्ही काय म्हणता?"

तीन, आणि ही आजच. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्याजवळ बसा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि दहा पाखरांची नावं विचारा. गाव, तालुका, तारीख बोलून ठेवा. आणि सांगणाऱ्याचं नावही. ते पहिलं.

पुढच्या भागात आपण नगरमध्येच राहणार आहोत, पण डोंगरावर नाही, किल्ल्यात. १९४२ ते १९४५, इंग्रजांच्या कैदेत असलेले मौलाना आझाद आणि त्यांच्या खोलीत घुसलेल्या चिमण्या. आधी भांडण, मग दोस्ती. तोवर, बाहेर पावशा ओरडत असेल तर खिडकी उघडा. तुम्हाला काय ऐकू येतंय, ते मला कळवा.