वारा उत्तरेचा, पाणी दक्षिणेचे

मेक्सिकोच्या आखाताचा नकाशा समोर घेतला, तर टेक्सासच्या किनाऱ्याला समांतर अशी वाळूची एक अरुंद पट्टी दिसते. हे गॅल्व्हस्टन बेट. त्याच्या एका अंगाला आखात, दुसऱ्या अंगाला उथळ खाडी. १९०० साली तेथील शहरात सुमारे ३८ हजार माणसे राहत होती. कापसाच्या व्यापारावर शहर श्रीमंत झाले होते, पण त्यातली सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम नऊ फुटांवर होती. ८ सप्टेंबर १९०० रोजी, शनिवारी, हरिकेन आले आणि पाणी पंधरा फुटांहून अधिक चढले. मृतांची मोजदाद नीट झालीच नाही. अंदाज सहा हजारांपासून बारा हजारांपर्यंत जातात. अमेरिकेच्या इतिहासात दुसऱ्या कोणत्याही नैसर्गिक आपत्तीत एवढी माणसे मेलेली नाहीत.

‘त्या काळी हवामानशास्त्र बाल्यावस्थेत होते, दुसरे काय होणार?’ असे म्हणून हा प्रसंग बाजूला ठेवता येतो. आम्हाला ते पटत नाही. बरेच काही ठाऊक होते; प्रश्न ते कोणाला ठाऊक होते आणि कोणी कोणाचे ऐकले, याचा आहे.

हरिकेन म्हणजे आपल्याकडचे चक्रीवादळच. कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांचा शब्द स्पॅनिशमार्गे इंग्रजीत गेला. ‘सायक्लोन’ हा शब्द मात्र कलकत्त्याचा. तेथे सागरी अपघातांची चौकशी करणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी तो १८४८ साली रूढ केला. अटलांटिकमध्ये या वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात. सप्टेंबरच्या सुमारास समुद्राचे पाणी सर्वांत जास्त तापलेले असते आणि वादळांचा जोरही तेव्हाच असतो.

या हंगामाचा खरा अभ्यास झाला तो क्यूबात. हवानाच्या बेलेन महाविद्यालयाची वेधशाळा १८७० साली बेनितो विन्येस या जेझुइट धर्मगुरूंच्या हाती आली. उपग्रह नाहीत, विमाने नाहीत, जहाजांवर बिनतारी यंत्रे नाहीत. होते काय? वायुभारमापक, तारयंत्र आणि आकाश. विन्येस यांनी पाहिले की वादळाच्या खालच्या थरातली हवा केंद्राकडे आत ओढली जाते, तर अगदी वरच्या थरात ती बाहेर फेकली जाते. म्हणून वादळ शेकडो मैल दूर असतानाच पिसांसारखे तंतुमेघ आकाशात पंख्यासारखे पसरतात आणि पंख्याची मूठ जिकडे, तिकडे वादळ. हे रोज, वर्षानुवर्षे टिपून ठेवत त्यांनी ११ सप्टेंबर १८७५ रोजी वादळाचा पूर्वअंदाज वृत्तपत्रात दिला. बेटाबेटांवर निरीक्षक जोडले. १८९३ साली ते वारले तेव्हा क्यूबातल्या लोकांना बेलेनच्या इशाऱ्यावर दारे-खिडक्या बंद करण्याची सवय झालेली होती.

पुढे १८९८ च्या युद्धानंतर क्यूबा अमेरिकेच्या लष्करी ताब्यात आला आणि अमेरिकेच्या हवामान खात्यानेही हवानात कार्यालय थाटले. वॉशिंग्टनमधल्या वरिष्ठांच्या मते क्यूबातले लोक उगाच घबराट पसरवत होते. ऑगस्ट १९०० मध्ये, हंगाम ऐन भरात येत असताना, क्यूबातून हवामानविषयक खासगी तारा पाठवण्यावर लष्करी खात्याने बंदी घातली. आठवडाभरातच एक वादळ क्यूबा ओलांडून पुढे निघाले. ते नेहमीच्या वाटेने उत्तरेकडे वळेल, फ्लोरिडावरून अटलांटिक किनाऱ्याकडे जाईल, असे वॉशिंग्टनचे मत. ते आखातात शिरून टेक्सासकडे चालले आहे, असे क्यूबातल्या अभ्यासकांचे मत. दुसरे मत गॅल्व्हस्टनला पोहोचले नाही.

गॅल्व्हस्टनच्या हवामान कार्यालयाचे प्रमुख आयझॅक क्लाइन हे तसे मेहनती शास्त्रज्ञ. पण १८९१ साली त्यांनी स्थानिक वृत्तपत्रात लिहिले होते की, मोठे वादळ या शहराचे गंभीर नुकसान करील ही भीती निव्वळ भ्रम आहे. त्यांचा एक मुद्दा असा, की किनाऱ्याजवळचा तळ हळूहळू उतरत गेलेला असल्याने उथळ पाण्यात लाटांचा जोर मोडेल. युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे, आणि नेमका उलटा आहे. वारा पाणी पुढे लोटतो तेव्हा खोल समुद्रात ते तळाकडून मागे फिरू शकते. उथळ समुद्रात तशी वाट राहत नाही, म्हणून पाणी किनाऱ्यावर साठत जाते. बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाला वादळी भरती इतकी संहारक ठरते, त्याचे एक कारण हेच. शिवाय पुरावा शेजारीच होता. त्याच किनाऱ्यावरचे इंडियानोला हे बंदर १८७५ साली वादळाने उद्ध्वस्त झाले, पुन्हा उभे राहिले आणि १८८६ साली कायमचे संपले. तेव्हा गॅल्व्हस्टनमध्ये समुद्रभिंत बांधण्याची चर्चा झाली. ती चर्चाच राहिली.

शनिवारी सकाळी क्लाइन यांनी किनाऱ्यावर जे पाहिले ते वर्गात मुद्दाम सांगण्याजोगे आहे. वारा उत्तरेकडून, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता. अशा वाऱ्याने पाणी मागे हटायला हवे. ते वाऱ्याविरुद्ध चढत होते. मुलांना एक नियम सांगावा: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की कमी दाबाचे केंद्र साधारणपणे डाव्या हाताला येते. उत्तरेच्या वाऱ्याकडे पाठ केली, डावा हात पूर्वेला. संध्याकाळी वारा पूर्वेचा झाला, म्हणजे डावा हात दक्षिणेला. रात्री तो आग्नेयेचा झाला, तेव्हा केंद्र नैर्ऋत्येला होते. वहीवर एवढे काढले तरी वादळ शहराच्या पश्चिमेकडून कसे गेले ते मुलांना दिसते. वारा आग्नेयेचा होणे म्हणजे आखाताचे पाणी सरळ शहरावर येणे.

वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र संध्याकाळी ताशी १०० मैलांच्या आसपास नोंद करून उडून गेले. क्लाइन यांच्या भक्कम घरात सुमारे पन्नास जण आश्रयाला आले होते. घर कोसळले, बहुतेक जण बुडाले, त्यांत क्लाइन यांची पत्नीही होती. किनाऱ्यावरच्या अनाथाश्रमात दहा जोगिणींनी मुलांना दोरीने स्वतःशी बांधून घेतले होते. नव्वदांपैकी तीन मुलगे वाचले. आपण किनाऱ्यावर फिरून हजारोंना सावध केले, असे क्लाइन यांनी पुढे लिहिले. इतिहासकारांना त्याबद्दल शंका आहे.

यानंतर शहराने जे केले त्याला तोड नाही. १९०२ ते १९०४ या काळात १७ फूट उंचीची काँक्रीटची भिंत उभी राहिली. मग १९११ पर्यंत शहरच उचलले. दोन हजारांहून अधिक इमारती हाताने फिरवायच्या जॅकवर चढवल्या आणि खाली समुद्रातली वाळू पाण्यात कालवून नळांनी भरली. लोक वर्षानुवर्षे लाकडी फळ्यांच्या पुलांवरून ये-जा करीत. घर उचलण्याचा खर्च घरमालकाचा. १९१५ साली तशाच जोराचे हरिकेन आले. भिंत टिकली आणि शहरात अगदी थोडी माणसे दगावली.

तारबंदीचा धडा मात्र तितका पक्का झाला नाही. जुलै १९४३ मध्ये गॅल्व्हस्टनजवळ आणखी एक वादळ आले. जर्मन पाणबुड्यांच्या भीतीने जहाजांना संदेश पाठवण्याची मनाई होती आणि हवामानाच्या बातम्यांवरही सेन्सॉर होता. लोकांना वादळ कळले ते अंगावर आल्यावर. १९ जण मेले. त्याच वादळात जोसेफ डकवर्थ या लष्करी वैमानिकाने मुद्दाम विमान घालून केंद्र गाठले. वादळात विमान नेऊन निरीक्षणे घेण्याची आजची पद्धत तेथून सुरू झाली.

वाऱ्याविरुद्ध चढणाऱ्या पाण्याचे कोडे अधिक नीट उलगडले ते २००८ च्या आइक वादळानंतर. टेक्सासच्या किनाऱ्याला समांतर असा ईशान्येचा वारा बराच वेळ वाहिला, तर पृथ्वीच्या परिवलनामुळे पाण्याचा प्रवाह उजवीकडे, म्हणजे किनाऱ्याकडे वळतो. आइकचे केंद्र पोहोचण्याच्या कितीतरी तास आधी पाणी सुमारे सहा फूट चढले होते. गॅल्व्हस्टनच्या भिंतीने आखाताला थोपवले. शहरात पाणी शिरले ते मागून, खाडीच्या बाजूने. शेजारच्या बोलिव्हर द्वीपकल्पाला भिंत नव्हती. तेथून निघून जाण्याचा आदेश वेळेवर दिलेला होता. वारा सुरू झाल्यावर निघू, असे म्हणून थांबलेल्यांनी बाहेर येऊन पाहिले तेव्हा वारा फारसा नव्हता आणि रस्ता पाण्याखाली गेलेला होता.