पडद्यावरून उलटा प्रवास

देहूच्या गाथा मंदिरात तुकोबांचे अभंग भिंतींवर कोरलेले आहेत. ते वाचायला देवनागरीची ओळख पुरते. पण १९९५ साली संगणकावर टंकलेली एखादी स्मरणिका आपण आज उघडली, तर पडद्यावर बऱ्याचदा रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइल तर शाबूत आहे. मग मराठी गेली कुठे?

संगणक अक्षरे नव्हे, अंक साठवतो. कोणत्या अंकाचे कोणते अक्षर, हे आधी ठरलेले असावे लागते. भारतीय लिप्यांसाठी असा संकेत 'इस्की' या नावाने १९९१ मध्ये भारतीय मानक झाला. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली होती. परंतु विंडोजमध्ये देवनागरीची अंगभूत सोय २००० साली आली. तोवर फॉन्ट बनवणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवून काम भागवले. श्रीलिपी, आकृती, प्रत्येकाची मांडणी निराळी! फॉन्ट हरवला की किल्ली हरवली.

ही किल्ली परत कशी घडवायची? जुन्या प्रणालीची आतली रचना आपल्या हाती नसते, पण कळफलक आणि पडदा असतो. एकेक कळ दाबायची, पडद्यावर काय उमटले आणि फाइलीत कोणता अंक पडला, याची नोंद करायची. असा तक्ता तयार होतो.

मात्र नुसता तक्ता पुरत नाही. जुने फॉन्ट दिसण्याचा क्रम पाळतात, युनिकोड उच्चाराचा. 'किती' लिहिताना जुन्या फाइलीत पहिली वेलांटी 'क'च्या आधी येते, युनिकोडमध्ये नंतर. 'धर्म'मधला रफार जुन्या फाइलीत 'म'नंतर येतो, उच्चारात मात्र 'र' आधी आहे. अनेक फॉन्टमध्ये 'त' म्हणजे अर्धा 'त' आणि एक दंड, असे दोन तुकडे असतात. म्हणजे येथे संगणकाइतकेच व्याकरणही लागते, आणि ते शिक्षकांजवळ असते.

मुंबई सरकारच्या साहाय्याने १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत गाथा छापली गेली, तेव्हा संपादकांनी देहूसह ठिकठिकाणच्या पोथ्या ताडून पाठ ठरवले. पोथ्या जपलेल्या होत्या, म्हणूनच हे जमले. आपल्या शाळेतला जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यातील मराठी फॉन्टची प्रत जपून ठेवावी आणि सर्व कळांचा तक्ता विद्यार्थ्यांकडून कागदावर उतरवून घ्यावा. पुढच्या वाचकासाठी तीच पोथी.