फ्युएल ट्रिम

फ्युएल ट्रिम अर्थात इंधन समायोजन म्हणजे पेट्रोल किंवा वायू-इंधनावर चालणाऱ्या वाहनाच्या इंजिनाचा नियंत्रक संगणक इंधनाच्या पूर्वनियोजित मात्रेत स्वतःहून करीत असलेली टक्केवारीतील दुरुस्ती होय. या संगणकास ईसीयू किंवा ईसीएम म्हणतात. दुरुस्ती धन असल्यास इंधन वाढविले जाते व ऋण असल्यास कमी केले जाते. वारंवार करावी लागणारी दुरुस्ती संगणक स्मृतीत साठवून ठेवतो आणि पुढील वेळी तेथूनच प्रारंभ करतो.

== गरज ==
१ किलोग्रॅम पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. धुराड्यातील त्रिमार्गी उत्प्रेरक परिवर्तक या प्रमाणाच्या अगदी जवळपासच समाधानकारक काम करतो. इंजिनाचा वेग व त्यावरील भार यांनुसार किती इंधन सोडावे याचे कोष्टक कारखान्यातच संगणकात भरलेले असते. परंतु कोष्टक नव्या इंजिनाचे असते. रस्त्यावरील गाडीचे इंजेक्टर तुंबतात, पंपाचा दाब उतरतो, हवा मोजणारा संवेदक मळतो आणि इंधनाचे घटकही बदलतात. कार्ब्युरेटरच्या काळात ही तफावत मेकॅनिक स्क्रू फिरवून, कानाने अंदाज घेत दूर करीत असे. १९७६ साली व्होल्वो कंपनीने ऑक्सिजन संवेदक व त्रिमार्गी परिवर्तक यांची जोडी बाजारात आणली. तेव्हापासून ही दुरुस्ती गाडी चालू असतानाच होऊ लागली.

== अल्पकालीन व दीर्घकालीन दुरुस्ती ==
नेहमीच्या प्रकारचा ऑक्सिजन संवेदक मिश्रण समृद्ध (इंधन अधिक) असल्यास ०.४५ व्होल्टपेक्षा जास्त आणि विरळ (इंधन कमी) असल्यास त्यापेक्षा कमी दाब दाखवितो. संगणक त्यानुसार इंजेक्टर उघडा राहण्याचा काळ सतत थोडा कमीअधिक करतो. ही अल्पकालीन दुरुस्ती होय. ती शून्याच्या दोन्ही बाजूंना हेलकावत राहते.

हेलकावे सातत्याने एकाच बाजूला राहू लागले, समजा +८ टक्क्यांच्या आसपास, तर संगणक दीर्घकालीन दुरुस्ती हळूहळू त्या दिशेने सरकवितो. दीर्घकालीन आकडा +८ वर पोहोचतो आणि अल्पकालीन पुन्हा शून्याभोवती येतो. ‘गाडी शिकली’ असे म्हणतात ते यालाच. वाण्याच्या तराजूचे एक पारडे हलके असेल तर त्यात पासंग टाकून दोन्ही पारडी समतोल करतात आणि तो पासंग तेथेच राहू देतात. दीर्घकालीन दुरुस्तीचे स्वरूप बरेचसे तसेच आहे.

== शिकण्याची रीत ==
दुरुस्तीचा एकच आकडा सर्व परिस्थितीत लागू पडत नाही. म्हणून अनेक प्रणालींत वेग व भार यांचे कप्पे पाडून प्रत्येक कप्प्यासाठी वेगळा आकडा राखतात. काही प्रणाली त्याऐवजी दोन प्रकारच्या दुरुस्त्या ठेवतात : बेरजेची व गुणाकाराची.

तराजूचाच दाखला पुढे नेला तर हा भेद स्पष्ट होतो. पारड्यातील खोट दहा किलोला असते तेवढीच एका किलोलाही असते. तिला ठरावीक वजनाचा पासंग पुरतो. किलोचे वजनच झिजलेले असेल, तर मात्र प्रत्येक किलोमागे तूट वाढत जाते. इंजिनाच्या नळीला चीर पडून न मोजलेली हवा आत शिरत असेल, तर मंद गतीत, मुळात हवा थोडी असल्याने, ती मोठी चूक ठरते आणि महामार्गावर जवळजवळ विरून जाते. ही बेरजेची चूक होय. इंजेक्टर तुंबलेले असतील तर चूक प्रत्येक मात्रेबरोबर वाढते, ती गुणाकाराची.

शिकणे सर्वकाळ चालत नाही. इंजिन व संवेदक तापलेले असावे लागतात. जोराचा वेग घेताना, उतारावर इंधन बंद असताना किंवा पेट्रोल-टाकीची वाफ इंजिनात ओढली जात असताना शिकणे सहसा थांबविलेले असते. भूमसारख्या तालुक्याच्या गावी घर ते बाजारपेठ एवढीच फिरणारी गाडी त्यामुळे बालाघाटातील रस्त्यावर दूर जाणाऱ्या गाडीइतके कधीच शिकत नाही.

== साठवण ==
जुन्या संगणकांत शिकलेले आकडे बॅटरीच्या अखंड पुरवठ्यावर जिवंत राहणाऱ्या स्मृतीत असत. बॅटरीची तार काढली की ते पुसले जात. नंतरच्या अनेक संगणकांत ते विजेवाचून टिकणाऱ्या स्मृतीत लिहिले जातात. अशा स्मृतीवर लेखन ठरावीक वेळाच करता येत असल्याने आकडे दिवसभर तात्पुरत्या स्मृतीत राहतात आणि किल्ली बंद केल्यावर संगणक काही सेकंद जागा राहून ते कायम करतो. बॅटरी काढून ‘गाडी रीसेट’ करण्याचा उपाय एका गाडीला लागू पडतो व दुसरीला नाही, याचे कारण हेच.

== इथेनॉल व महाराष्ट्र ==
पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे भारतातील प्रायोगिक प्रकल्प २००१ साली सुरू झाले. त्यांत महाराष्ट्रातील मिरज व मनमाड ही ठिकाणे होती. २०२२ मध्ये देशाने सरासरी १० टक्के मिश्रण गाठले आणि २०२५ मध्ये २० टक्के. धाराशिव जिल्ह्यातील शेतकऱ्याचा ऊस अशा रीतीने त्याच्याच गाडीच्या टाकीत पोहोचतो.

इथेनॉलमध्ये ऑक्सिजन अंगभूत असल्याने त्याच्या १ किलोग्रॅमला सुमारे ९ किलोग्रॅमच हवा लागते. २० टक्के मिश्रणाचे प्रमाण त्यामुळे १४.७ वरून १३.५ च्या आसपास येते. १० टक्क्यांसाठी जुळविलेल्या गाडीत २० टक्क्यांचे इंधन भरल्यास दीर्घकालीन दुरुस्ती साधारण ४ टक्क्यांनी वाढणे अपेक्षित आहे. ही वाढ म्हणजे बिघाड नव्हे. कार्ब्युरेटरच्या जुन्या दुचाकीला असे शिकता येत नाही; ती विरळ मिश्रणावरच चालते. मात्र ट्रिम केवळ हवा-इंधनाचे प्रमाण राखते, इथेनॉलमधील कमी उष्मांक भरून काढीत नाही, तसेच रबरी नळ्यांचे रक्षणही करीत नाही. मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनविलेल्या व १० टक्क्यांसाठी जुळविलेल्या चारचाकींची इंधन-कार्यक्षमता ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात दिला आहे.

बाहेरून बसविलेले सीएनजी किट नीट जुळविलेले नसेल, तर पेट्रोलचा संगणक वायूची चूक शिकून ठेवतो आणि पेट्रोलवर गाडी मिसिंग करू लागते. दोष मग पेट्रोलच्या भागांत शोधला जातो.

== निदान ==
भारतात चारचाकींना प्रगत स्वयंनिदान व्यवस्था (ओबीडी-२) एप्रिल २०१३ पासून आवश्यक झाली. तिच्या सॉकेटला स्कॅनर जोडून दोन्ही ट्रिम वाचता येतात. आकडा एका बाइटमध्ये येतो : १२८ म्हणजे शून्य टक्के, ० म्हणजे −१०० टक्के. सामान्यतः ±१० टक्क्यांपर्यंतची दुरुस्ती स्वाभाविक मानतात. ट्रिम मर्यादेला टेकली तरच चेक इंजिनचा दिवा लागतो (विरळ मिश्रणासाठी पी०१७१, समृद्धासाठी पी०१७२). म्हणजे दोष वाढत असताना ट्रिम तो झाकीत असते आणि मालकाला बराच काळ काहीच जाणवत नाही.

मंद गतीत +२० व महामार्गावर +४ दिसल्यास हवेची गळती संभवते. मंद गतीत +२ व भाराखाली +१८ दिसल्यास पंप किंवा इंधन-फिल्टर तपासावा. हे न पाहता कोड पुसला, तर शिकलेले आकडेही बहुधा पुसले जातात आणि हा पुरावा नाहीसा होतो. पी०१७१ दिसताच ऑक्सिजन संवेदक बदलण्याची प्रथा खर्चिक असून बहुतेकदा चुकीची आहे, कारण तो संवेदक केवळ निरोप देत असतो. अर्थात हा निरोपही फसवा असू शकतो. संवेदक पेट्रोल मोजीत नाही, उरलेला ऑक्सिजन मोजतो. एखाद्या सिलिंडरचा स्पार्क प्लग पेटत नसेल, तर तेथील न वापरलेला ऑक्सिजन संवेदकापर्यंत पोहोचतो, त्याला मिश्रण विरळ वाटते, आणि संगणक आधीच वाया जाणाऱ्या पेट्रोलमध्ये आणखी भर घालतो.