शय्याव्रणांची चौकशी

एका वृद्धाश्रमाच्या चौकशीत व्यवस्थापक मला म्हणाले, "साहेब, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना शय्याव्रणे होणारच." हा बचाव जुनाच. अशा जखमांचा दोष बहुधा आजाराचा नसून शुश्रूषेचा असतो, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्येच लिहिले होते. पुढे शार्को यांनी तो मज्जासंस्थेच्या विकारावर ढकलला. १९४४ पासून स्टोक मँडेव्हिल येथे गुटमान यांनी कणा दुखावलेल्या सैनिकांची दर दोन तासांनी कूस बदलवून तो समज खोडून काढला. आपल्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्हावार वृद्धाश्रमांची तरतूद आहे. कूस बदलल्याच्या नोंदीचा उल्लेख नाही.

मी नोंदवही मागवली. महिनाभराच्या रात्रींच्या सह्या एकाच बैठकीत केलेल्या दिसल्या. रात्री चाळीस खाटांमागे एकच सेविका होती. अहवालात मी तिला नव्हे, व्यवस्थापनाला जबाबदार धरले.