पुठ्ठ्यावर लिहिलेली चादर

सोलापुरी चादर उलटून पाहा. नक्षी तीच, रंग मात्र अदलाबदल झालेले: वर तांबड्यावर पांढरा मोर असेल, तर खाली पांढऱ्यावर तांबडा. ही करामत विणकराच्या बोटांची कमी आणि मागावर टांगलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची जास्त.

१८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली, तीच पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराच्या पूर्व भागात घरोघरी माग मांडले, आधी हातमाग, मग यंत्रमाग. चादरीचं नाव झालं ते त्यांच्यामुळे. नक्षीचं काम करत होतं जेकार्ड, म्हणजे ल्यों शहरातल्या जोसेफ मारी जाकारनं १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेलं यंत्र. त्याआधी नक्षीच्या मागावर दोऱ्या ओढायला वेगळा मदतनीस बसवावा लागे.

जेकार्डची रीत अशी. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरते. एकेक चौकट म्हणजे उभा आणि आडवा धागा भेटतात ती जागा. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीला एक कार्ड. भोक असेल तिथे सुई आरपार जाते, हूक वर उचलला जातो आणि त्याच्यासोबत उभा धागाही. भोक नसेल तर धागा खालीच. मग धोटा पलीकडे. कार्डं एकमेकांना ओवून माळ करतात, माळ संपली की नक्षी पुन्हा पहिल्यापासून. एक भोक चुकलं तर तो दोष प्रत्येक मोरात उमटतो. दुरुस्ती मात्र सोपी, तेवढं कार्ड बदलायचं.

कॉम्प्युटरशी या कार्डांचं नातं जुनंच आहे. १८३९ मध्ये जाकारचं रेशमी चित्र विणायला सुमारे २४,००० कार्डं लागली. त्याची एक प्रत गणनयंत्र आखणाऱ्या चार्ल्स बॅबेजनं मिळवली, आणि १८४३ मध्ये गणितज्ञ एडा लव्हलेसनं बॅबेजच्या त्या यंत्राची तुलना थेट जेकार्डशी केली.

आज क्लाउडवर सर्व्हरचं जाळं उभारणारे इंजिनिअरही असंच आधी लिहून काढतात. सबनेट म्हणजे जाळ्याचे विभाग किती, कोणतं पोर्ट म्हणजे सर्व्हरचं दार कुणाला उघडं, हे क्लिक करत बसण्यापेक्षा फाइलमध्ये नोंदवायचं. त्यासाठी ॲमेझॉनचं क्लाउडफॉर्मेशन २०११ मध्ये आलं, हॅशिकॉर्पचं टेराफॉर्म २०१४ मध्ये. फाइल तीच ठेवून जाळं हवं तितक्यांदा उभारता येतं. चूकही तितक्यांदाच होते: अनेक ठिकाणी वापरायच्या सामायिक तुकड्यात, म्हणजे मॉड्यूलमध्ये, दुरून लॉग-इन करायचं पोर्ट २२ साऱ्या जगाला उघडं राहिलं, तर ते मॉड्यूल वापरणारा प्रत्येक सर्व्हर उघडा.

एका बाबतीत मात्र माग बरा. विणून झालेल्या चादरीतला धागा कुणी मागाहून हलवत नाही. क्लाउडवर रात्री-अपरात्री कुणीतरी कन्सोलमध्ये शिरून एखादा नियम बदलतो आणि फाइलला त्याचा पत्ताच नसतो. म्हणून टेराफॉर्म आपण उभारलेल्याची वेगळी नोंद ठेवतं, ‘प्लॅन’ चालवला की ती प्रत्यक्षाशी ताडून पाहतं, आणि नेमकं काय बदलणार ते आधी दाखवतं. बदल होतो तो ‘अप्लाय’ म्हटल्यावरच.